भोकांचा भाव

मराठी मध्यमवर्गीय माणसाचा भोकांशी संबंध येतो तो ती बुजवण्यापुरता. गच्चीला पडलं की डांबर, टाकीला पडलं की एम-सील, दाताला पडलं की डेंटिस्ट आणि खिशाला पडलं की घरच्यांची बोलणी. भोक म्हणजे खर्च, हे अर्थशास्त्र आपल्याला बाळकडूतच मिळालेलं असतं. अशा माणसावर भोकं विकत आणायची वेळ आली म्हणजे त्याची मोठी पंचाईत होते. अखंड पत्रा स्वस्त आणि भोकं पाडलेला पत्रा महाग, ही गोष्ट काही केल्या त्याच्या गळी उतरत नाही. "अहो, पण यात माल कमी आहे ना!" असं तो म्हणतोच. दुकानदाराने हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की तो मानही वर करत नाही. "माल कमी, मेहनत जास्त," एवढं बोलून पुढच्या गिऱ्हाइकाचे खिळे तोलायला घेतो.

खरं तर भोकांच्या पत्र्यावाचून आपलं पान हलत नाही, आणि ताटातलं पान तर मुळीच नाही. बुंदी पडते झाऱ्यातून, शेव पडते सोऱ्याच्या चकतीतून, गाजर उतरतं किसणीवरून आणि मोदक वाफवले जातात चाळणीवर. वॉशिंग मशिनचा ड्रम हा वळवलेला भोकांचा पत्राच. मायक्रोवेव्हच्या दाराच्या काचेआड जी काळी ठिपक्याठिपक्यांची नक्षी दिसते, तीही तोच. आतल्या लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर आणि भोक जेमतेम मिलिमीटरभर. त्यामुळे उजेड बाहेर येतो, लहरी आतच राहतात आणि आपल्याला वाटीतला वरणभात गोल गोल फिरताना बघता येतो.

या साऱ्या गोतावळ्याचा मूळ पुरुष म्हणजे दुभत्याचं कपाट. फ्रिज घरोघरी येण्याआधी स्वयंपाकघरातली सगळी मालमत्ता यात असे. चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या, दाराला बारीक भोकांचा पत्रा आणि आत सायीचं दूध, विरजण, लोणी. मुंग्या पाण्याला भ्यायच्या, मांजर पत्र्याला भ्यायचं आणि मुलं आजीला. पुढे फ्रिज आला, कपाट माळ्यावर गेलं, तिथून भंगारात गेलं. आता तोच पत्रा इंटिरियरवाल्यांनी 'इंडस्ट्रियल लूक' म्हणून दिवाणखान्यात आणून बसवला आहे. जोड्यांच्या कपाटाची दारं, पडदीऐवजी पार्टिशन, दिव्याची शेड, हत्यारं टांगायचा फळा, सगळं भोकांचं. आजीच्या कपाटाला जे कुणी जुनाट म्हणत होते, त्यांचीच नातवंडं आता त्याच पत्र्याचे फोटो काढतात.

आमचं बिऱ्हाड सध्या लखनऊला, गोमतीनगरात. इथे भोकांच्या पत्र्याची गरज हवेतच आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो आणि लू सुटली की बंद कपाटातली वस्तू आपोआप शिजते. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर हवा. त्याच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, म्हणून त्या झाकाव्यात पण कोंडू नयेत. बाहेर एसीचं खोकं टांगलेलं असतं, त्याच्यावर माकडांची मालकी असते. म्हणजे ज्याला त्याला अशी एक भिंत हवी आहे, जी असून नसल्यासारखी असेल. आमच्याकडे निमित्त झालं जोड्यांच्या कपाटाचं. त्याचं कलम हिने एका वाक्यात लिहून दिलं: जोडे दिसता कामा नयेत, पण त्यांचा श्वास कोंडता कामा नये.

पुण्यात असतो तर बोहरी आळी गाठली असती. इथे गाठायचा तो लाटूश रोड. कागदोपत्री त्याचं नाव गौतम बुद्ध मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर रिक्षावाला आपल्याला यात्रेकरू समजतो. पंप, पाइप, मोटारी, नटबोल्ट, पट्टे, साखळ्या यांनी दुतर्फा भरलेला हा रस्ता म्हणजे ज्याला कशाचा तरी एखादा सुटा भाग हवा आहे अशा माणसांचं तीर्थक्षेत्र. हातात तुटलेला वॉशर किंवा झिजलेलं बेअरिंग धरून माणसं या दुकानातून त्या दुकानात हिंडत असतात. वाटेत भेटलेल्या परक्यालाही ते वॉशर दाखवून सल्ला विचारतात. तो परकाही दोन मिनिटं थांबून वॉशर उजेडात धरून बघतो.

बोहरी आळीतला दुकानदार विचारतो, "किती?" लाटूश रोडवरचा विचारतो, "किसलिए?" वरवर पाहता साधा फरक, पण त्यापायी अर्धा दिवस जातो. 'किती'चं उत्तर आपण घरून मोजून आणलेलं असतं. 'किसलिए'चं उत्तर द्यायला आयुष्याचा थोडाफार विचार झालेला असावा लागतो. शिवाय हा प्रश्न एकट्या दुकानदाराचा नसतो. बाकावर चहा पीत बसलेले सगळे त्यात हक्काने भाग घेतात.

"जाली चाहिए," मी म्हटलं.

"आटे की है तो महीन लीजिए, दलिया की है तो मोटी," बाकावरचा एक गिरणीवाला म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. उत्तर प्रदेशात भोकांच्या पत्र्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पिठाच्या गिरण्या, मळणीयंत्रं आणि धान्य पाखडायच्या चाळण्या. दिवाणखाना या व्यवहारात कालपरवा आलेला.

"जूतों के लिए चाहिए."

दुकानात क्षणभर शांतता पसरली. मग गिरणीवाल्याने अत्यंत आदराने विचारलं, "जूते छानिएगा?"

लखनवी अदबीची गंमत ही, की तिच्यात कुणी आपली टिंगल करतंय की काळजी, हे घरी पोचेपर्यंत कळत नाही.

पुढचा घोळ जातीचा. 'जाली' म्हटलं की इथे तीन वेगवेगळ्या वस्तू समोर येतात आणि तिन्ही 'यही तो है' म्हणून येतात. पहिली विणलेली, म्हणजे तारांची. दुसरी ताणलेली: पत्र्याला चिरा पाडायच्या आणि दोन्हीकडून ओढायचा, की चिरांचे शंकरपाळे होतात. हिच्यात कणभरही पत्रा वाया जात नाही, पण हात फिरवला की हात वाया जातो. तिसरी आपल्याला हवी ती, ठशाखाली एकेक भोक ठोकून काढलेली. विष्णु नारायण भातखंडे नावाचा मराठी माणूस १९२६ साली याच शहरात संगीताचं मॅरिस कॉलेज काढून बसला. अफाट पसरलेले राग त्याने दहा थाटांत नीट लावून ठेवले. त्याच शहरात जाळीचे तीन थाट एका दुकानदाराला पटवून देताना माझ्या घशाला कोरड पडली. भातखंड्यांचा मोठेपणा मला लाटूश रोडवर जितका जाणवला, तितका कुठल्याही मैफिलीत जाणवला नव्हता.

जात ठरली की माप. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेज ही उफराट्या काळजाच्या माणसाने काढलेली मोजणी आहे. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडा वर, १८ म्हणजे साधारण सव्वा, २२ म्हणजे पाऊण. 'जरा चांगला जाड द्या' म्हणून आकडा वाढवत नेणारा भोळा माणूस शेवटी डब्याचं झाकण घेऊन घरी येतो. भोकाचं माप मात्र गेजमध्ये नसतं, ते सुतात असतं. इंचाला आठ सूत. आणि दोन भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. म्हणजे एका चौरस फुटात इंग्रजांचं राज्य, मिस्त्रींची परंपरा आणि भारत सरकारची दशमान पद्धत अशी तिघांची वहिवाट.

त्यातही 'अंतर' म्हणजे काय, यावर मतभेद. कारखान्यात ते एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत धरतात. गिऱ्हाईक कडेपासून कडेपर्यंत धरतं. दोघंही आठ मिलिमीटर म्हणतात, दोघंही मान डोलावतात आणि पत्रा आल्यावर दोघांचीही मान डोलायची थांबते. शिवाय बाईसाहेबांना नाजूक भोकं हवीत आणि दारं दणकट हवीत. पण भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीहून कमी ठेवायला गेलं तर ठसाच मोडतो, म्हणून कारखानेवाला त्याला तयार नसतो. दणकट आणि नाजूक एकाच जागी मिळत नाही, हे आपल्याला लग्नाच्या मध्यस्थांनी सांगायला हवं होतं, सांगितलं पत्रेवाल्याने.

धातू कोणता घ्यावा, यावर माझ्यासारखे लोक खिशात लोहचुंबक घेऊन जातात. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अस्सल स्टील, हे आपलं घराण्याचं ज्ञान. बोहारणीकडून भांडी घेताना आईने वापरलेलं. दुकानदार चुंबकाकडे प्रेमाने बघतो, कारण ते त्याच्याच बाजूचं असतं. ३०४ नंबरचं महाग स्टील चुंबकाला जवळ करत नाही, हे खरं. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेलं २०२ नंबरचं स्वस्त स्टीलही करत नाही. उलट अस्सल ३०४ला ठशाखाली भोकं पाडली की त्या दणक्याने भोकांच्या कडेला ते किंचित चुंबकाला लागायला लागतं. म्हणजे चुंबकवाला अस्सल माल नाकारतो, नकली माल घेतो आणि 'मला फसवणं सोपं नाही' असं सांगत घरी येतो. घरात जोडेच ठेवायचे असतील तर साधा सीआरसी, म्हणजे लोखंडी पत्रा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत तो नीट रंगवावा. हा सल्लाही मला बाकावरूनच मिळाला, चहासकट.

आता भाव. आठ बाय चारचा, एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा भरतो सुमारे २३ किलो. त्याला पाच मिलिमीटरची भोकं, आठ मिलिमीटर अंतरावर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकाआड एक सरकवून पाडली, तर ३५ टक्के पत्रा नाहीसा होतो. म्हणजे आठेक किलोच्या टिकल्या कारखान्याच्या जमिनीवर पडतात. त्या टिकल्या जातात भंगारात, भंगाराच्या भावाने. पण कारखानेवाल्याने पत्रा घेतला तो अख्खा, पत्र्याच्या भावाने. त्यामुळे आपण पैसे देतो ते हातात आलेल्या पंधरा किलोंचे, न आलेल्या आठ किलोंचे आणि ते आठ किलो काढून टाकायच्या मजुरीचे. हे गणित ऐकून मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. त्याने हे गणित दुसऱ्या टोकाने करावं. एका पत्र्यात भोकं असतात पन्नास हजारांच्या वर. समजा पत्रा चार हजारांना पडला, तर एक भोक पडलं साडेसात पैशांना. सरकारने पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा २०११ साली चलनातून काढून टाकलं. साडेसात पैशांत आज देशात दुसरी कुठलीही वस्तू मिळत नाही. हिशेब असा मांडला की भोकं एकदम स्वस्त वाटायला लागतात आणि आणखी थोडी घ्यावीत असंही वाटतं.

पत्रा घरी आणणं हा भाग थोडक्यात सांगतो, कारण ई-रिक्षावाल्यानेही तो थोडक्यात उरकला. पत्रा छपरावर आडवा बांधला, दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि "पकड़े रहिएगा" एवढं म्हणून तो चारबागच्या गर्दीत घुसला. वाटेत लोक पत्र्याखालून वाकून जात होते, वाकताना आमच्याकडे बघून हसत होते आणि जागा करून देत होते. 'पहले आप' या शहरात शिल्लक आहे का, असं बाहेरचे लोक कुत्सितपणे विचारतात. आठ फुटी धारदार पत्रा डोक्यावर घेऊन निघा, हमखास अनुभव येतो.

खरी करमणूक कापायला बसल्यावर. पोळ्याच्या नक्षीत भोकांच्या ओळी एका दिशेने सरळ जातात आणि दोन ओळींच्या मधून जेमतेम दोन मिलिमीटरची गल्ली मिळते. त्या गल्लीतून कातर नीट चालवली तर कड अखंड निघते. पण दारं चौकोनी असतात, त्यांना दुसरी दिशाही लागते. दुसऱ्या दिशेला गल्लीच नाही. कुठूनही कापा, रेघ भोकांवरूनच जाणार. मग कडेला अर्ध्या, पाव, पाऊण भोकांची अशी रांग तयार होते की करवतीने तिच्याकडे शिकायला यावं. यावर उपाय दोन. कारखान्याकडून मापाचा पत्रा मागवायचा आणि चारी बाजूंना बिनभोकांचा काठ सोडायला सांगायचा. लुगड्याला काठ लागतो हे ज्याला कळतं त्याला हे पटकन कळतं. नाहीतर ऐशबागेतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून कडेला चॅनल बसवून घ्यायचं आणि ती दंतपंक्ती त्यात कायमची मिटवून टाकायची. आम्ही दुसरा मार्ग धरला. फॅब्रिकेटरने दार हातात घेतलं, उलटसुलट करून एका बाजूवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "उल्टा लगवाइएगा या सीधा?"

पत्र्याला उलट-सुलट असते हे मला तिथे कळलं. ठसा ज्या बाजूने आत शिरतो तिथे भोकाची कड किंचित आत वळते, गुळगुळीत होते. ज्या बाजूने तो बाहेर पडतो तिथे प्रत्येक भोकाभोवती एक बारीक काटेरी गोट उभा राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. बोटांना, मोज्यांना आणि नव्या साडीच्या पदराला मात्र लगेच सापडतो. फॅब्रिकेटरच्या हाताखालचा पोऱ्या खाली उकिडवा बसला. आधी चपटी कानस अगदी निजवून फिरवली, एकदा उभी, एकदा आडवी. मग लाकडी ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून गोल गोल, मग २२० नंबरचा. मध्येच थांबून तो मनगटाची आतली बाजू पत्र्यावरून फिरवून बघे. तळव्याला घट्टे पडल्यामुळे तळव्याला काही कळत नाही, म्हणून मनगट. शेवटी त्याने कापसाचा बोळा फिरवला. कापसाचा एक तंतू एका भोकाला अडकून राहिला. पोऱ्याने तेवढ्या जागी पुन्हा पेपर घासला.

ते बघताना मला चौक बाजारातल्या, चिकनचं भरतकाम करणाऱ्या बाया आठवल्या. चिकनच्या कामातही ताणलेली आणि ठोकलेली अशा दोन्ही जाळ्या आहेत, फक्त मलमलीवर. चिकनमधली 'जाली' म्हणजे कापडाचा एकही धागा न कापता, न काढता, सुईने धागे बाजूला सारून बारीक टाक्यांनी तिथेच बांधून टाकायचे. ही झाली पत्र्यातली ताणलेली जाळी. आणि 'हूल' म्हणून एक टाका असतो, त्यात कापडाला सरळ भोक पाडतात, धागे मोकळे करतात आणि भोकाभोवती बारीक टाके घालून कड बंद करतात. बहुधा फुलाच्या मध्यभागी हे भोक येतं. नुसतं भोक पाडून सोडलं तर धुण्यात ते वाढत जाईल आणि कुर्त्याची बनियन होईल. म्हणजे भोक पाडायला एक क्षण आणि त्याची कड सांभाळायला बाकीचा दिवस. चिकनच्या दुकानात आपण हूल बघून 'वा' म्हणतो आणि मागतील ते पैसे देतो. फॅब्रिकेटरच्या बिलात 'घिसाई' असा शब्द दिसला की मात्र आपण विचारतो, "ये किस बात के?"

कड झाली की रंग. इथे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला सुरू होतो. ब्रशने रंगवायला घेतलं तर प्रत्येक भोकात रंगाचा पडदा धरतो. मग टाचणी घेऊन एकेक पडदा फोडत बसावं लागतं. पन्नास हजार भोकांचा हिशेब वर दिलाच आहे. स्प्रेने मारायला घेतलं तर रंगाचा तिसरा हिस्सा भोकांतून पलीकडे जातो आणि मागच्या भिंतीवर दाराची हुबेहूब नक्षी उमटते. पत्रा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला असेल आणि त्यावर घाईने साधा ऑइलपेंट फासला तर जस्त आणि ऑइलपेंट यांच्यात रसायनशास्त्र सुरू होतं आणि मधल्या मध्ये चक्क साबण तयार होतो. वर्षभरात रंग पापुद्रे धरून सुटतो. म्हणून जीआयला आधी वॉश प्रायमर लागतो आणि साध्या लोखंडी पत्र्याला रेड ऑक्साइड. दोन्हींच्या आधी थिनरने तेल पुसणं लागतं, आणि त्याच्याही आधी हे सगळं आपण स्वतः करणार नाही हे मान्य करणं लागतं.

ते मान्य केलं की माणूस पावडर कोटिंगवाल्याकडे जातो. तालकटोरा, ऐशबाग, चिनहट अशा औद्योगिक वस्त्यांत हे काम चालतं. पत्रा आधी एका हौदातून दुसऱ्या हौदात बुचकळत नेतात: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेट. मग वाळवून टांगतात आणि विजेचा भार दिलेली कोरडी पावडर त्यावर उडवतात. पावडर लोखंडाकडे अशी ओढली जाते की समोरून उडवली तरी भोकाच्या कडेला वळसा घालून मागेही जाऊन बसते. मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळून पत्र्याला घट्ट धरते. भोकं मोकळी, कडा झाकलेल्या, भिंती स्वच्छ. सगळं उत्तम, फक्त रंग आपल्या मनाचा नाही. दोन दारांसाठी कुणी बंदूक धुवत नाही. पलीकडे एखाद्या कारखान्याच्या मालाला जो रंग चालू असेल, त्यातच आपली दारं टांगली जातात. "आज काला चल रहा है, आइवरी बुध तक आएगा," असं ट्रेनच्या वेळापत्रकाच्या सुरात सांगतात. बुधवारी गेलं तर आयव्हरी उशिराने धावत असतो. आमची दारं शेवटी काळी झाली. हिने ती बघितली आणि मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "मुद्दाम काळीच करून घेतली."

आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनियर राहतात. दारं त्यांना फार आवडली. त्यांचा वाय-फायचा राउटर उन्हाळ्यात तापायचा, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी भोकांच्या पत्र्याची सहा बाजूंनी बंद सुबक पेटी करून घेतली. राउटर गार राहू लागला. घरात मात्र इंटरनेट येईना. कंपनीचा माणूस येऊन गेला, वायर बदलून गेला, भांडून गेला. राउटरच्या लहरी आणि मायक्रोवेव्हच्या लहरी सख्ख्या बहिणी, जवळपास एकाच लांबीच्या. पाच मिलिमीटरचं भोक हवेला दार आहे, त्यांना भिंत. आता त्या पेटीत शेजारी कांदे ठेवतात. कांदे फार चांगले राहतात.

एवढं सगळं झाल्यावर बडा इमामबाडा बघायला पाहुण्यांना घेऊन गेलो की गाइडचं बोलणं मी वेगळ्या कानाने ऐकतो. नवाब आसफउद्दौलाने १७८४ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. दिवसा सामान्य माणसं बांधायची आणि रात्री अंधारात तोंड लपवून खानदानी माणसं ते पाडायची, अशी दंतकथा आहे. रोजगार हमीची ही रीत पुढे आपल्या रस्तेखात्याने उचलली, फक्त तोंड लपवायचं सोडून दिलं. आतला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब, त्याला मध्ये ना खांब ना तुळई. छप्पर प्रचंड आहे, पण त्याच्या भोवताली आणि भिंतींच्या पोटात पोकळ वाटाच वाटा आहेत. तीच ती भुलभुलैया. पाहुणे तिच्यात हरवायला जातात, पण भरीव छपराचं ओझं हलकं करण्यात या पोकळीचा मोठा हात आहे, असं जाणकार सांगतात. दोन शतकांहून जास्त काळ जे उभं आहे, त्याचा बराचसा भाग रिकामा आहे. एका पुणेकर पाहुण्यांनी मान वर करून विचारलं, "एवढी जागा वाया का घालवली?" मी त्यांना पत्र्याचं आठ किलोंचं गणित सांगायला घेतलं होतं, पण त्यांनी तिकिटाच्या दराचा विषय काढला.

लखनऊच्या मराठी मंडळींत आता माझा जाळीतज्ज्ञ म्हणून लौकिक झाला आहे. गणपतीत आरती संपली की प्रसाद हातात घेऊन लोक बाजूला येतात आणि हळूच विचारतात, "तो भोकांचा पत्रा कुठे मिळतो हो?" मी पत्ता सांगत नाही. गेज सांगत नाही, सूत सांगत नाही. लाटूश रोडच्या बाकावरचा प्रश्न तेवढा त्यांच्यापुढे ठेवतो: कशासाठी? काय आत यायला हवं आणि काय बाहेर राहायला हवं? निम्म्या लोकांना त्यांना साधा पडदा हवा होता हे तिथेच कळतं. पुष्कळांना बिनभोकांचा पत्रा पुरतो. मागे एक गृहस्थ मात्र फार ठाम होते. गच्चीला पूर्ण जाळी करायची म्हणाले, चारी बाजूंनी आणि वरूनही, माकडांसाठी.

"माकडांना आत ठेवायचंय की बाहेर?" मी विचारलं.

त्यांनी तिथेच खेळत असलेल्या आपल्या तिन्ही नातवंडांकडे बघितलं आणि म्हणाले, "हिला विचारून सांगतो."